दहाव्या मण्याची जागा

जसिंताला झोपायचं नाही, नुसते डोळे मिटायचे आहेत. दुपारचे साडेतीन वाजलेत. हॉस्पिटलच्या बाकावर तिच्या मांडीवर संमतीचा कागद आहे आणि मुठीत आयची जपमाळ. तिच्या सात वर्षांच्या लेकीच्या, सेलिनच्या, हृदयाला भोक आहे. ऑपरेशन करायचं तर पाच वाजेपर्यंत सही हवी, आणि बाप बोटीवर, फोन लागत नाही. तिने तीनदा पेन उघडलं, तीनदा बंद केलं. देवावर विश्वास ठेव, असं अख्खं गाव येऊन सांगून गेलं. सांगायला गावाचं काय जातं!

पायांना गार लागतं. खाली बघते तर केळीच्या वाडीतला पाट वाहतोय, आणि बाकावर शेजारी आय बसलीय, शवपेटीत नेसवलेल्या त्याच लाल लुगड्यात. आयला जाऊन चौदा महिने झाले, हे जसिंताला पक्कं ठाऊक आहे. पण तोंडावर कसं म्हणायचं?

"आय, तू इथं कशी?"

"तुला विचारायला आले. पेटीत माझ्या हातात माझ्याऐवजी तुझीच माळ गुंडाळलीस ना? शहाणी माझी! तिच्या तिसऱ्या रहस्याच्या गटात दहाच्या जागी नऊच मणी."

त्या दिवशीच्या गडबडीत दोघींच्या काळ्या माळा एकाच ताटलीत होत्या. चूक घरी आल्यावर कळली, आणि लाजेपायी जसिंताने ती कुणालाच सांगितली नाही.

"रोज अडखळते गं," आय म्हणते. "एकेका मण्यावर एकेक नमो मारियाची प्रार्थना, नऊ होतात, आणि पुढे बोटांना नुसता दोरा."

पाट आता चर्चमधली वाट झालाय. दोन्हीकडे नर्स गुडघे टेकून बसल्यात. सेलिन वेदीच्या पायरीवर शाळेच्या गणवेशात झोपलीय. जसिंता उठू बघते, पण पाय उचलत नाहीत.

"मग दहावी नमो मारिया कशावर म्हणतेस?"

"कशावर म्हणजे? दोऱ्यावर. तुला टायफॉईड झाला तेव्हा तरी मणी कुठे होता हाताशी? तू तापाने फणफणलेली. भ्याले, रडले, देवाला नाही नाही ते बोलले. पण दोरा सोडला नाही."

"आणि मी मेले असते तर?"

आय लुगड्याचा काठ सारखा करते.

"तर त्याच्याशी जन्मभर भांडले असते. पण भांडायलाही तोच होता ना?"

"सेलिन वाचेल का, तेवढं सांग."

"ते मला काय ठाऊक? मी आय आहे, देव नाही." आय तिच्या मुठीवर आपली मूठ आवळते. इतकी घट्ट, की कळ येते. कुठेतरी घंटा वाजते.

"सेलिनची आई कोण? अहो, डॉक्टर आलेत."

जसिंता डोळे उघडते. पायाखालची फरशी कोरडी आहे. ती मूठ उघडते. माळ आयचीच, तिच्यात प्रत्येक रहस्याचे मणी पुरते दहा. रोज संध्याकाळी मोजलेले. तळहातावर मात्र वळ उठलेत: एका ओळीत नऊ, आणि त्यांच्या पुढे कोरी कातडी. ती दोनदा मोजते. नऊच.

त्या कोऱ्या जागेवर अंगठा टेकवून ती दहावी नमो मारिया म्हणते आणि पेनाचं टोपण काढते.