घासून काढलेल्या गोट्या

माझी आत्या जुन्या वस्तूंच्या दुकानात पारखी होती. छत्तीस वर्षं. मातीची गोटी आली की ती आधी टेबलावर सोडायची. सरळ घरंगळली तर बहुधा यंत्रावरची, अडखळत वाकडी गेली तर हातानं वळलेली. मग जिभेला लावायची. भाजलेली कोरी माती जिभेला चिकटते, वर रोगण असेल तर चिकटत नाही.

"चारचौघांत गोट्या चाटतेस, शोभतं का?" आजी म्हणायची.

"तुझ्या भाजीपेक्षा बऱ्या लागतात," आत्याचं उत्तर तयार.

एकदा एक नर्स पारख करून घ्यायला अकरा गोट्या घेऊन आली. घरात सगळे सांगायचे की त्या पणजोबांनी वळल्या. पणजोबांचा ना फोटो, ना सही. त्यांचा अंगठा कधीतरी कापला होता, एवढंच ती ऐकून होती. गोट्या ठेवून ती गेल्यावर आत्यानं भिंग लावलं. अकराही गोट्यांवर एकाच अंगठ्याचा ठसा आणि प्रत्येक ठशात जखमेची तिरकी रेघ! असा संच तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता. धावत जाऊन तिनं मालकाला सांगितलं. त्याच रात्री ताप भरला आणि दोन दिवस ती घरी पडून राहिली.

तेवढ्यात मालकानं अक्कल पाजळली. गिऱ्हाइकाला चकचकीत माल आवडतो म्हणे! गोट्या साबणाच्या पाण्यात भिजवल्या, तारेच्या घासणीनं खसाखसा घासल्या, वर फर्निचरचं पॉलिश फासलं. आत्या परतली तेव्हा सुपारीसारख्या गुळगुळीत अकरा गोट्या मखमलीवर मांडलेल्या. ठसा एकीवरही नाही.

चूक झाली, असं तरी म्हणावं? छे! "साध्या गोट्या, असं लिहून टाका," मालक म्हणाला. "ठसे होते हे तुमच्या-माझ्याशिवाय कोणाला माहीत आहे?"

आजही हे आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. माणसाच्या पणजोबांना घासून पुसून टाकायचं, आणि वर ते नव्हतेच म्हणून लिहून मागायचं!

आत्यानं लिहिलं. "अस्सल. हातानं वळलेल्या. अकराही गोट्यांवर कापलेल्या अंगठ्याचा एकच ठसा होता, मी डोळ्यांनी पाहिला. या दुकानानं तो घासून घालवला. आता संच म्हणून मोल नाही." खाली सही ठोकली आणि कागद गोट्या न्यायला आलेल्या नर्सच्या हातात दिला.

"उद्यापासून येऊ नका," मालक किंचाळला.

"उद्याचं कशाला? ही निघालेच." आत्यानं भिंग पिशवीत टाकलं.

नर्स कागद पुन्हा पुन्हा वाचत होती. ना रडली, ना भांडली. दारापाशी तिनं आत्याला गाठलं आणि स्वतःचा अंगठा पुढे केला.

"रेघ कुठून कुठे होती, काकू? काढून दाखवता?"

आत्यानं पेन काढलं आणि तिच्या अंगठ्यावर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत तिरकी रेघ ओढली.