दाजींच्या हाताखालून गेलेली डोकी

आमच्या भागात कुठल्याही घरात जा आणि भिंतीवरच्या फोटोतला कर्ता पुरुष बघा. केस मागे फिरवून चापूनचोपून बसवलेले, एक बट इकडची तिकडे नाही, आणि उजव्या बाजूला चमक. प्रत्यक्षात तो माणूस कुरळ्या केसांचा असेल, अर्धा टकला असेल, नाहीतर जन्मात कंगव्याला शिवला नसेल. फोटोत सगळे एका आईची लेकरं. परगावच्या पाहुण्याला वाटावं, इथे एकाच गड्याने दोनशे संसार केले. करणी एकाचीच होती हे खरं, पण तो गडी म्हणजे आमचे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा.

स्टुडिओ माझा. फोटो मी काढायचो, टचिंग दाजी करायचे. तेव्हा फिल्मचा जमाना होता. निगेटिव्ह काचेवर ठेवायची, खालून दिवा लावायचा, डोळ्याला भिंग धरायचं आणि सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीने तोंडावरचे डाग आणि सुरकुत्या घालवायच्या. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं. पेन्सिल लावाल तिथे फोटोत पांढरं होतं आणि पात्याने खरवडाल तिथे काळं. पेन्सिल पुसता येते, खरवडलेलं परत येत नाही. म्हणून अस्सल निगेटिव्हला हात लावायचा नाही, आधी तिची नक्कल काढून घ्यायची, हा या कामातला पहिला नियम. तो मला दाजींनीच शिकवला होता.

हात सोन्याचा, यात वाद नाही. डोकं मात्र कायम पोमेडमध्ये बुडालेलं. पोमेड म्हणजे गोल डबीतून येणारा मेणासारखा घट्ट प्रकार. दाजी तो दोन बोटांनी उचलायचे, तळहातावर चोळून पातळ करायचे, मग आधी रुंद दातांच्या कंगव्याने नांगरणी, नंतर बारीक दातांच्या कंगव्याने सारवासारव, आणि शेवटी तळहाताने एकदा कपाळापासून मानेपर्यंत. या सगळ्याला पाऊण तास लागायचा. लोक पाठीमागे त्यांना चोपडराव म्हणायचे. तोंडावरही म्हणायचे. दाजींना ती पदवी वाटायची.

हे वेड त्यांना सतराव्या वर्षी लागलं. वडिलांबरोबर कसल्याशा दाखल्यासाठी ते एका कचेरीत गेले होते. डोक्यावर पंखा गरगरत होता, टेबलावरचे कागद उडत होते, वडील खोलीभर ते गोळा करत वाकून फिरत होते, आणि समोरच्या कारकुनाचा एक केस हलत नव्हता. दाखला मिळाला नाही, पण दाजींना जन्माचा गुरू मिळाला. "सगळं जग उडत होतं आणि तो माणूस बसला होता," असं ते सांगायचे, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. भांग पाडणाऱ्यांची त्यांना कीव यायची. ज्याला आपले केस कुठल्या बाजूला न्यायचे ते ठरवता येत नाही तो संसार काय ठरवणार, असा त्यांचा सवाल असे. मी भांग पाडतो.

ताईचं मत वेगळं होतं. उशीचे अभ्रे सोड्यात उकळून उकळून तिचे हात सोलून निघाले होते. घरातल्या ज्या भिंतीला टेकून दाजी बसायचे तिथे ताटाएवढा गोल डाग पडला होता, आणि त्यावर तिने तीनदा रंग लावून बघितला. "एखाद्या दिवशी तळायला तेल नसलं तर ह्यांचं डोकं पिळीन," ती म्हणायची. दाजी हसायचे, पण मान जरा मागे घ्यायचे.

स्टुडिओत आरशापाशी दाजींनी डबी ठेवली होती. गिऱ्हाईक खुर्चीवर बसायच्या आत ते त्याच्या डोक्याला हात घालायचे. जो नको म्हणायचा त्याचे केस नंतर निगेटिव्हवर बसवले जायचे. तक्रार कधी आली नाही. आपण फोटोत इतके टापटीप कसे दिसतो, असा जाब विचारायला कोण येतो?

मग त्या बाई आल्या.

शिवणाच्या कारखान्यात काम करायच्या. बाहीला धाग्यांचे तुकडे चिकटलेले, बोलणं कमी. नवरा जाऊन चार महिने झाले होते. तो गच्च्यांवर पाण्याच्या टाक्या बसवायचा. बाईंनी पाकिटातून एक निगेटिव्ह काढली. कामावरच्या कुणीतरी गच्चीवर काढलेला घोळक्याचा फोटो. नवऱ्याचं डोकं नखाएवढं, वाऱ्याने केस चहूबाजूंनी उभे.

"प्रिंट पाण्यात भिजून गेली. एवढंच राहिलंय," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या एकट्याचा मोठा करून हवा. भिंतीला लावायला."

"दुसरा एखादा नाही?" मी विचारलं.

"लग्नातला आहे. पण त्यात ते बावीस वर्षांचे. त्या पोराला घेऊन मी काय करू?"

मी निगेटिव्ह दाजींच्या टेबलावर ठेवली आणि दोन दिवसांसाठी एका लग्नाचे फोटो काढायला परगावी गेलो. परत आलो तर मोठी प्रिंट तयार होती, आणि बाई ती हातात घेऊन उभ्या होत्या. फोटोतला माणूस देखणा दिसत होता. केस मागे, उजवीकडे चमक, एखाद्या पेढीचा मालक असावा असा.

"फोटो चांगला झालाय," बाई म्हणाल्या. "पण हे माझे नव्हेत."

"असं कसं, बाई? नाक बघा. डोळे बघा," दाजी म्हणाले.

"ते त्यांचेच आहेत. म्हणूनच कसंतरी होतंय. त्यांचं तोंड काढून भलत्यालाच लावल्यासारखं." त्यांनी फोटो टेबलावर उलटा ठेवला. "ह्यांचे केस कधी बसलेच नाहीत. होते तसे करून द्या. मी पुढच्या आठवड्यात येईन."

त्या गेल्यावर मी म्हणालो, "अस्सल निगेटिव्ह काढा, तिच्यावरून दुसरी प्रिंट करू." दाजी पेन्सिलीला टोक काढत बसले. टोक आधीच होतं. मी काचेवरची निगेटिव्ह भिंगाखाली घेतली. उडणाऱ्या बटांमधल्या सगळ्या फटी पात्याने खरवडून एकजीव केल्या होत्या. कपाळावरची झुलपंही गेली होती. आणि ही अस्सल होती.

"नक्कल काढली नाहीत?"

"ते डोकं बघितलं आणि राहवलं नाही," दाजी म्हणाले.

दाजींवर मी कधी आवाज चढवला नव्हता. बहिणीचा नवरा, त्यात वयाने मोठा. त्या दिवशी चढवला. "त्या बाईचा नवरा एकदा गेला होता, तुमच्या डबीपायी दुसऱ्यांदा गेला," असं मी बोलून बसलो. दाजी उठले, आरशाकडे न बघता बाहेर पडले आणि पायी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी ते माझ्या आधी येऊन बसले होते. निगेटिव्ह तर संपली होती. एकच वाट उरली. मोठ्या प्रिंटवर कुंचल्याने काळ्यापांढऱ्या रंगात केस नव्याने काढायचे आणि त्या प्रिंटचा पुन्हा फोटो घ्यायचा. दाजींनी दिवसभर खपून केस काढले. खराटा झाला. दुसऱ्या प्रिंटवर काढले, ते कोंबड्याच्या तुऱ्यासारखे दिसायला लागले. तिसऱ्यावर एकेक बट वेगळी उडत होती, पण सगळ्या बटा एकाच वळणाच्या, कवायतीला उभ्या केल्यासारख्या. पस्तीस वर्षं केस बसवणाऱ्या हाताला ते उठवता येईनात.

"मला विस्कटलेले केस माहीतच नाहीत रे," दाजी म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता. "मी त्या माणसाला पुसून टाकला. माझं मलाच वाईट वाटतंय." मला त्यांची दया आली, आणि त्या दिवशीच्या बोलण्याची लाजही वाटली.

चौथ्या दिवशी सकाळी ताईचा निरोप आला, कॅमेरा घेऊन घरी ये. गेलो तर न्हाणीघरात दाजी पाटावर बसलेले आणि ताई अभ्र्यांचाच साबण घेऊन त्यांचं डोकं घासत होती. पहिलं पाणी करडं निघालं, दुसरंही. पाचव्या पाण्याला फेस आला. "पस्तीस वर्षांचं आहे, एका दमात कसं निघेल," ताई म्हणाली आणि आणखी एक तांब्या ओतला. तिला मजा येत होती, आणि ती लपवायच्या भानगडीत ती पडली नाही.

मग आम्ही गच्चीवर गेलो. वारा चांगला होता. दाजींचे केस वाळत गेले तसे एकेक करून उठले आणि जिथे जायचं तिथे गेले. काही पुढे, काही कानावर, मध्ये एक झुबका सरळ आभाळाकडे. वाटले होते त्यापेक्षा विरळ निघाले. शेजारच्या गच्चीवरच्या आजोबांनी ताईला विचारलं, "पाहुणे कोण?" दाजींनी डोळे मिटून घेतले. मी पूर्ण रोल संपवला.

ते फोटो समोर मांडून दाजी पुढचे तीन दिवस नव्या प्रिंटवर केस काढत होते. मध्येच आरशात बघायचे, तोंड वाकडं करायचे आणि पुन्हा कुंचला उचलायचे. त्या तीन दिवसांत डबीला त्यांनी हात लावला नाही, कारण नमुना बिघडला असता. गिऱ्हाइकं येऊन विचारायची, चोपडराव आजारी आहेत का?

ठरल्या दिवशी बाई आल्या. दाजींनी फोटो पुढे केला आणि टेबलाची कड धरून उभे राहिले. बाई फोटो घेऊन दारातल्या उजेडात गेल्या. तो आधी जवळ घेऊन बघितला, मग हात लांब करून बघितला. मला वाटलं, हाही चुकला, आणि आता करण्यासारखं आमच्याकडे काहीच नव्हतं.

तेवढ्यात बाई एकदम कावल्या. आमच्यावर नव्हे, फोटोवर.

"शोभतं का हे?" त्या म्हणाल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि आवाज चांगलाच चढला होता. "फोटोपुरतं तरी विंचरायला काय झालं होतं तुम्हाला? किती वेळा सांगायचं एका माणसाला?"

सवयीने दाजींचा हात आरशापाशी ठेवलेल्या कंगव्याकडे गेला. मी तो वरच्यावर धरला आणि बाई दारातून वळेपर्यंत सोडला नाही.