पाचवं बोळकं

दंतमहाविद्यालयाच्या केसपेपरच्या खिडकीत मी एकवीस वर्षं बसतोय. शेवटच्या वर्षाची पोरं मला लांबून ओळखू येतात. समोर माणूस आला की ती चेहऱ्याकडे नाही, तोंडाकडे बघतात. पूर्ण कवळीच्या पाच केस स्वतःच्या हातानं केल्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही, आणि पेशंट ज्याचा त्यानं आणायचा. हा नियम ज्यानं काढला त्याला एकदा बस स्टॉपवर उभं करून म्हाताऱ्यांना 'आ करा' म्हणायला लावलं पाहिजे.

शेवटच्या वर्षाची धांदल नावाची पोरगी तेच करायची. हे तिचं वर्गातलं नाव. चार बोळकी तिनं मिळवली होती; पाचवं काही मिळेना. एक आजोबा कबूल झाले, माप दिलं, आणि मुलीकडे राहायला गेले ते गेलेच. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी ती दिवसातून तीनदा माझ्या खिडकीशी येऊन 'काका, कुणी आलंय का?' विचारायची. डोळे खोल गेलेले, डबा न उघडता परत जायचा, आणि साचा बिघडला की सरांची बोलणी वेगळीच. मुदतीला तीन महिने उरले होते.

एका सकाळी एक शिंपी आला. वरचे दात गेलेले, खालचे पुढचे सहा शाबूत. म्हणाला, राहिलेले काढून कवळी बसवायची आहे, आणि धांदलचं खरं नाव सांगून, पेपर याच विद्यार्थिनीकडे पाठवा. आडनाव आणि पत्ता बघून मी समजलो, हा तिचा बाप. जखमा भरायला दीड महिना, कवळीला एक. हिशेब करूनच आला होता. मी पेपरवर तिचं नाव घातलं. खोटं कशाला बोलू, पोरगी एकदाची सुटेल म्हणून मला बरंच वाटलं.

तरी राहवेना. फाइल द्यायच्या निमित्तानं मी मागून गेलो. बाप खुर्चीत, ती हातमोजे घालून उभी. तिनं एकेक दात हलवून पाहिला. एकही हलेना. शेजारचा मित्र कुजबुजला, या वयात आज ना उद्या पडणारच, 'हलतात' असं लिहून टाक, सर सही करतील. तिनं पेन उचललं आणि तशीच थांबली.

"लिही," बाप म्हणाला. "दात माझे आहेत. तुझं वर्ष जाण्यापेक्षा हे गेलेले बरे."

"बाबा, हे मी काढले ना, तर उद्या कुणाच्याही तोंडात बघताना मला आधी माझी केसच दिसेल."

तो चिडला. मुलगी यंदा डॉक्टर होणार असं गल्लीभर सांगून बसलोय, आता कुठल्या तोंडानं फिरू, म्हणाला. ती रडत होती आणि रडतच 'काढायची गरज नाही' असं लिहीत होती.

मग पेपर रद्द करायला ती खिडकीशी आली. कारण काय लिहू, मी विचारलं.

"दात चांगले आहेत, असं लिहा."

मला मान वर करून तिच्याकडे बघवलं नाही.

पाचवं बोळकं तिला मिळालं, पण मुदतीत ती कवळी पुरी झाली नाही. अकरा दिवस कमी पडले. परीक्षेची यादी टाइप करायचं काम माझंच. तिच्या नावापाशी आलो, ते गाळलं आणि पुढचं टाइप केलं.