मुकुंदाची दुसरी पंगत

मुकुंदा गेल्याची बातमी मला औरंगपुऱ्यात भाजी घेताना फोनवर कळली, आणि ती ज्या रीतीनं कळली त्याची शिसारी अजून गेलेली नाही. आमच्या नाट्यसंस्थेच्या ग्रुपवर अध्यक्षांचा संदेश होता. ज्येष्ठ नाटककार, रंगभूमीचे तपस्वी वगैरे वगैरे, खाली हात जोडल्याची चित्रं, आणि शेवटच्या ओळीत, ‘श्रद्धांजली म्हणून त्यांच्या अजरामर “पहिली पंगत”चे प्रयोग पुन्हा लावण्याचा संस्थेचा मानस आहे.’ माणूस अजून दवाखान्यातून घरी आणायचा होता, आणि यांच्या तारखा ठरत होत्या! हातात मेथीची जुडी धरून मी अशी काही शिवी हासडली, की भाजीवाल्यानं मुकाट्यानं ती जुडी काढून घेऊन माझ्या पिशवीत टाकली.

शिवी का, ते सांगते. थोड्याच दिवसांपूर्वी मी त्याला दवाखान्यात भेटले होते. नाकात नळी, दोन शब्दांना एक धाप. त्यानं माझं मनगट धरलं आणि म्हणाला, “नलू, जुनं करू देऊ नकोस त्यांना.” मी बरं म्हटलं. “बरं नको… शब्द दे.” मी शब्द दिला. तेव्हा कुठं त्यानं हात सोडला आणि नर्सबाईंच्या चहाला नावं ठेवायला सुरुवात केली.

जुनं म्हणजे ‘पहिली पंगत’. मुकुंदानं ते पंचविशीत लिहिलं आणि त्यातली आई मी केली, तेव्हा मी कॉलेजात होते. नाटक त्याच्याच घराचं. त्याचे वडील, सगळे त्यांना तात्या म्हणत, निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, बाकीचे घरी आले, शेतीला लागले, कुणी पुढारी झाले. तात्या वैजापूरला परत आले ते नवा मोर्चा घेऊनच. कधी कुळांचा, कधी दुष्काळी कामांचा. घरात सदा कार्यकर्ते उतरलेले, आणि त्यांची पंगत आधी. नाटकात आई या सगळ्यांना भाकऱ्या करून घालते, आणि शेवटच्या प्रवेशात तात्यांना पोलीस नेतात तेव्हा पिठाचे हात तसेच घेऊन मोर्चाच्या पुढं होते. तिथं तिचं लांबलचक भाषण होतं. पडदा पडायच्या आत टाळ्या सुरू व्हायच्या. लोक विंगेत येऊन माझ्या पाया पडायचे. मी विशीतली पोर, केसांना पांढरी पावडर लावलेली.

खरी गोष्ट अशी, की मुकुंदाची आई दम्यानं अंथरुणाला खिळलेली होती. भाकऱ्या थापायची ती त्याची थोरली बहीण, सिंधूअक्का. सातवीतून तिची शाळा सोडवली, कारण घरात माणसं जेवायला. आणि नाटकात सिंधूअक्का नव्हतीच! याचं कारण ऐकलं तर हसाल. त्या वेळी आपल्याकडं हौशी संस्थांना स्टेजवर उभी राहणारी बाई मिळायची नाही. मिळाली तर एक. म्हणून स्पर्धेसाठी नाटक लिहिताना नाटककार आधी मोजायचा, बाई एकच हवी. मुकुंदानंही घरातल्या दोघींची एक करून टाकली. बहिणीचं काम आईला दिलं आणि बहीण खोडली. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. सगळेच तसं करत होते.

वैजापूरला शाळेच्या मैदानावर प्रयोग झाला, तेव्हा सिंधूअक्का बघायला आली होती. प्रयोगात भाकरी थापायला जी पितळी परात आम्ही वापरायचो ती तिच्याच घरची, मुकुंदानं मागून आणलेली. प्रयोग संपल्यावर ती रंगपटात आली, आधी परातीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “बाई, भाकर अशी थापत नसत्यात. नुसतं थपथप करून लोकाला ऐकू घालती व्हय?” आम्ही सगळे हसलो. मग ती मुकुंदाला म्हणाली, “लई झ्याक झालं. आई चांगली दाखिवली. पण मी कुठं व्हते रं तवा?”

“अक्का, बाई मिळत नाही गं,” मुकुंदा हसत म्हणाला.

“घरात एक व्हती की,” एवढंच बोलून ती निघून गेली. परात मागायचीही विसरली.

मुकुंदानं पुढं बरीच नाटकं लिहिली. काही चालली, काही पडली. पण जिथं जाईल तिथं ‘पहिली पंगत’चे लेखक. सत्कारात तेच, शाळेच्या पुस्तकात त्यातलाच उतारा. संस्थेनं ती परात कार्यालयात काचेच्या कपाटात ठेवली आणि दर वर्धापनदिनाला तिला हार घालायला लागली. एका वर्धापनदिनी मी शेजारी उभी होते. मुकुंदा त्या हाराकडं बघत पुटपुटला, “नलू, मला माझ्या नाटकाची किळस येते.” मला वाटलं, म्हातारपण. पण गडी खरंच कामाला लागला. शेवटची दोन वर्षं एसटीनं वैजापूरला जायचा, अक्काच्या स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसायचा आणि तिला विचारत राहायचा. ती काही दाद द्यायची नाही. “आता काय इचारतो? जेव गप.” मग कधीतरी हात कामात असताना आपोआप बोलायची. असंच एकदा तिनं सांगितलं, की तिलाही एकदा मोर्चात जायचं होतं. डोक्यावरून पदर घेऊन दारापर्यंत गेली होती. तात्या म्हणाले, “तू आलीस तर पोरांना भाकरी कोण घालील?” ती माघारी फिरली. म्हणजे ज्या प्रवेशाला सगळ्या मराठवाड्यानं टाळ्या वाजवल्या, तो घडलाच नव्हता. न घडण्याचं कारणही खुद्द नाटकाचा नायक होता. हे सांगायला मुकुंदा माझ्याकडं आला तेव्हा पायरीवर बसून रडला. पाऊणशे वर्षांचा माणूस, नाक शर्टाच्या बाहीला पुसत होता.

त्यानं नाटक पुन्हा लिहिलं. या वेळी आई आतल्या खोलीत खोकते, आणि स्टेजवर सगळा वेळ बहीण. शेवटी मोर्चा बाहेरून जातो, घोषणा ऐकू येतात, ती आत एकटी. इतकी वर्षं सगळ्यांच्या मागून जेवणारी ती पोर परातीतली पहिली भाकरी आपल्या ताटात घेते आणि खायला बसते. मोर्चा परततो, दार वाजतं. ती उठत नाही. भाकरी संपेपर्यंत दिवे तसेच. भाषण नाही, काही नाही. संस्थेत वाचन झालं तेव्हा अध्यक्ष म्हणाले, “मुकुंदराव, शेवट पडतो. बाई भाकरी खाताना लोकांनी किती वेळ बघायचं? आणि तात्यांची बदनामी होते ती वेगळीच.” बाकीच्यांनी माना डोलावल्या. ज्यांनी आयुष्यभर बायकोच्या हातचं आयतं गिळलं त्यांना एका बाईनं खाल्लेलं पाच मिनिटं बघवेना.

शोकसभा मोठी झाली. तात्यांना ज्या पुढाऱ्यानं तहसीलसमोरून पोलिसांकरवी उचललं होतं, त्याचा मुलगा अध्यक्षस्थानी, आणि तो मोर्चाच्या परंपरेवर बोलत होता. मुकुंदाच्या फोटोपुढं परात, परातीला झेंडूचा हार. कार्यक्रमपत्रिकेत माझं नाव होतं, ‘आईचे गाजलेले भाषण’. मला न विचारता. माझं नाव पुकारलं म्हणून उठले, आणि सहज मागं नजर गेली. सभागृहाच्या दाराशी सिंधूअक्का चहाचा ट्रे घेऊन उभी होती. मुलाबरोबर वैजापूरहून आली होती, पांढरं लुगडं, उन्हानं रापलेला चेहरा. कुणी ओळखलं नाही. कोणीतरी चहाची बाई समजून ट्रे हातात दिला होता, आणि तिनं तो घेतला होता. एक पोरगेला कार्यकर्ता तिला सांगत होता, “मावशी, पुढच्या रांगेला आधी द्या.”

मी माईकसमोर गेले. म्हटलं, “हे भाषण मी करणार नाही. लिहिणाऱ्यानं ते खोडलंय. ते ज्या बाईच्या जागी घातलं होतं ती, मुकुंदाची सख्खी बहीण, मागं तुम्हाला चहा देतेय.” सगळ्यांच्या माना एकदम वळल्या. कुणीतरी माईक बंद केला. परातीचा हार काढून मी टेबलावर ठेवला, परात काखेत मारली आणि खाली उतरले. सिंधूअक्का माझ्यावरच डाफरली, “काय गं हे, मयताच्या सभेत तमाशा!” मग ट्रे पुढं केला. “घे, चहा घे. थंड हुतोय.”

पुढच्या आठवड्यात परात घेऊन वैजापूरला गेले. अक्कानं ती उलटी करून बघितली, बुडाचा पोचा अंगठ्यानं चाचपला, चिंचेनं घासली आणि लगेच ज्वारीचं पीठ काढलं. स्वयंपाकघराच्या दारात एक पाट होता. मी बसायला गेले तर म्हणाली, “तिथं नगं. मुकुंदाचा हाय त्यो.” मग सांगायला लागली, की तो आला की दर वेळी हट्ट करायचा, अक्का, आधी तू जेव. “दोन वर्सं म्हनला. मी काय बसले नाय. मला घास उतरंल व्हय, माणूस दारात बसल्यावर? तर म्हनायचा, नाटकात तरी बसवतो तुला.” तिनं तव्यावरची भाकरी उलटली. “बसिवलं का त्यानं?”

पिशवीत नवं नाटक होतं. तिचे हात पिठात, मी शेवटचा प्रवेश वाचून दाखवला. भाकऱ्या थापता थापता सगळा ऐकला तिनं. माझं वाचून झालं तेव्हा म्हणाली, “दार वाजतंय अन् मी बसून ऱ्हायले? नाय बाई. परत खोटंच लिव्हलं मुकुंदानं.”

म्हटलं, “मग काय करू अक्का? तो प्रवेश काढू?”

तेवढ्यात ओसरीवरून तिच्या मुलाची हाक आली, “आई, वाढती का?” ती गुडघ्यावर हात टेकून उठलीसुद्धा. टोपल्यातून भाकरी घेतली, उंबऱ्याशी गेली, मुकुंदाच्या पाटाला वळसा घालून… आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “ऱ्हाऊ दे. खोटं हाय, पण तसंच कर. एकदा तरी बसू दे तिला.”

नाटक मी बसवते आहे. माझ्या घराच्या गच्चीवर तालमी सुरू आहेत, आणि या वेळी बायका हव्यात तितक्या मिळाल्या. परात आमच्या ताब्यात परत द्यावी, असं संस्थेचं पत्र आलं होतं. मी कळवलं, की ती देता येणार नाही, अक्काकडं रोजच्या वापरात आहे.