टाकी फुल, मगच शून्य

परवा एका लग्नात माझा मोठा भाऊ पाहुण्यांना हसवत होता. आमची ताई पेट्रोल न पाहताच आईला घेऊन कशी निघाली आणि भर मे महिन्यात वर्धा रोडवर गाडी कशी बंद पडली, हा किस्सा. खरं काय ते त्याला माहीत आहे. मीच सांगितलं आहे. तरी तो जुनाच किस्सा सांगतो, कारण त्यावर लोक जास्त हसतात. मी मध्येच म्हणालो, "दादा, टाकी मी रिकामी ठेवली होती." तेवढ्यात बँड सुरू झाला. माझं कुणी ऐकलं नाही. ताई समोर बसून जेवत होती. तिनं मान वर केली नाही.

म्हणून हे लिहितो आहे. मी बोलणारा माणूस नाही. न बोलण्यानेच हे सगळं झालं.

आमच्या गाडीचा पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या जरा वर अडकलेला होता. बाबा होते तेव्हापासून. टाकी काठोकाठ भरा की कोरडी ठेवा, तो तिथून हलत नसे. बाबांनी तो कधी दुरुस्त केला नाही. त्यांनी घरात एक कायदाच करून ठेवला होता. पंपावर गेलं की टाकी फुल करायची, आणि फुल झाली की समोरचं छोटं बटण दाबून ट्रिपचा किलोमीटरचा आकडा शून्यावर आणायचा. मग आकडा तीनशेच्या घरात आला की पुन्हा पंप. "टाकी फुल, मगच शून्य," असं ते म्हणत. पुढे पुढे म्हणायचीही गरज राहिली नाही. नोझल बाहेर निघालं की अंगठा आपोआप त्या बटणावर जाई.

बाबा गेल्यावर गाडी नागपुरात सक्करदऱ्याच्या घरीच राहिली. घरात आई, ताई आणि मी. ताईनं लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही, आणि त्यावर मला इथे काही लिहायचं नाही. दादा मनीषनगरला राहतो. मी कामावर मोटरसायकलनं जातो, त्यामुळे गाडी अंगणात धूळ खात उभी असायची. आईचं डायलिसिस सुरू झालं आणि ताई म्हणाली, मी गाडी शिकते. पन्नाशी उलटलेली होती तिची. शाळेतली नोकरी संपवून घरी बसली होती. क्लासच्या गाडीत पोरीसोरींबरोबर बसून शिकली. दादा फोनवर म्हणायचा, "गल्लीतले कुत्रे बांधून ठेवा रे, ताई निघाली." तीही हसायची. पण एक दिवस ती एकटी सीताबर्डीच्या गर्दीतून गाडी काढून घरी आली, आणि अंगणात उभी राहून किती तरी वेळ बॉनेटवर हात ठेवून होती. तो चेहरा मी तिच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिला नव्हता.

किल्लीला तिनं एक घुंगरू बांधलं होतं. आईला डोळ्यांनी कमी दिसतं. घुंगरू वाजलं की आई पलंगाखालच्या चपला पायानं चाचपायला लागायची. आठवड्यातून तीनदा विमानतळापलीकडे मिहानच्या बाजूला असलेल्या हॉस्पिटलात जायचं, चार तास तिथे बसायचं आणि परत यायचं. दोघी अशा निघायच्या की जणू फिरायलाच चालल्या आहेत.

पेट्रोल भरायचं काम माझं होतं. ते मीच माझ्याकडे ठेवलं होतं. का, ते आता कळतं. पंपावर जाणं हे पुरुषाचं काम आहे असं घरात कुणी म्हटलं नव्हतं, पण ताईला ते करू द्यावं हे मला सुचलंही नाही.

गेल्या मे महिन्यात दादानं घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. उन्हाळ्यात टाकी फुल करू नका, पेट्रोल फुगतं, टाकी फुटते. दरवर्षी ऊन तापलं की हा मेसेज नागपुरात फिरतोच. मी शिकलेला माणूस आहे. मला ते पटलं नव्हतं. पण पंपावर पोचलो तेव्हा डांबर चपलेला चिकटत होतं, आणि दादाचं वाक्य डोक्यात होतं. पंपावरचा माणूस म्हणाला, "झिरो देख लो साहब." मी मशीनवरचा झिरो डोळे बारीक करून पाहिला. त्या झिरोवर आपला सगळ्यांचा किती राग, किती संशय! मग म्हणालो, दहाच लिटर टाक. त्यानं टाकलं. आणि नोझल बाहेर निघालं तसा माझा अंगठा बटणावर गेला. ट्रिप शून्य.

दहा लिटर आणि शून्य. घरी येऊन मी किल्ली खुंटीवर लावली आणि ताईला म्हणालो, "भरून आणली." तेही खोटं नव्हतं म्हणे!

पुढच्या आठवड्यात एका दुपारी गाडी विमानतळाच्या पुढे बंद पडली. आकडा दीडशेच्याही खाली होता, म्हणजे घरच्या कायद्याप्रमाणे टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली. त्यामुळे ताईच्या मनात पेट्रोल आलंच नाही. तिला वाटलं इंजिन तापलं. तिनं बॉनेट उघडलं, थांबली, पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा थांबली. एसी बंद, काचा उघड्या, बाहेर झळा. पेट्रोल आहे असं तिला मी सांगितलं नसतं तर पहिल्या मिनिटाला तिनं ऑटो थांबवला असता. आई सीटवर कलंडली तेव्हा ती रस्त्याच्या मध्ये जाऊन उभी राहिली आणि एका ऑटोवाल्यानं दोघींना उचलून नेलं.

दादाचा मला फोन आला. "आईले चक्कर आली, भरती केलं. मी हॉस्पिटलात निघालो. तू गाडी घेऊन ये."

मी गाडीपाशी पोचलो. गाडीत बसलो, तिथेच राहिलेली किल्ली फिरवली आणि इंजिनाच्या त्या कोरड्या आवाजावरूनच मला कळलं. मग आकडा पाहिला. मग सगळंच कळलं. जवळच्या पंपावर बाटलीत पेट्रोल देईनात. मोटरसायकलच्या टाकीत नळी घालून तोंडानं ओढलं, बाटली भरली, गाडी सुरू केली, पंपावर नेली, टाकी फुल केली.

आणि बटण दाबलं.

पहिला शून्य सवयीचा होता. हा नव्हता. हात थांबला होता माझा. दीडशेचा आकडा समोर होता, तो राहिला असता तर दादाला एका नजरेत कळलं असतं. टाकी फुल, मगच शून्य. बाबांच्या कायद्यात राहूनच मी पुरावा पुसला.

हॉस्पिटलात आई पलंगावर होती, मशीन लावलेलं. दादा ताईवर ओरडत होता.

"पेट्रोल पाहून निघता येत नाही काय वं?"

"पाहिलं होतं, दादा. दीडशेही नव्हते झाले."

"मंग दीडशेत टाकी संपते? गाडी रुसली काय तुझ्यावर?" तो माझ्याकडे वळला. "तू फुल केली होती ना बे?"

तोंडात अजून पेट्रोलची चव होती. मी म्हणालो, "हो."

"झालं मंग! काय तर म्हणे पाहिलं होतं. काय पाहिलं? आईचा जीव गेला असता म्हणजे?"

आई डोळे मिटूनच म्हणाली, "तिले कायले बोलून राहिला गा? मले नाही काही झालं."

दादानं हात पुढे केला. ताईनं पर्समधून दुसरी किल्ली काढून दिली. घुंगरू असलेली माझ्याजवळ होती. तीही त्यानं मागितली, घुंगरू सोडून खिडकीत ठेवलं आणि किल्ली मला परत दिली. "ही तुझ्याजवळ ठेव. हिले देऊ नको." मी ठेवली.

त्यानंतर आई ऑटोनं जाऊ लागली. चढताना तिचा गुडघा दरवेळी त्या लोखंडी दांड्याला लागायचा. ताई शेजारी बसायची, पदराआड बोटं मोजल्यासारखं काहीतरी करायची. घरी आली की भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभी राहायची, जवळून बघायची, लांबून बघायची. एकदा स्वयंपाकघरातून म्हणाली, "साडेतीनशेचे दीडशे दिसले असतील का गा मले?" मी वर्तमानपत्र वाचत होतो. मी म्हणालो, "असू शकते." लिहितानाही माझे दात एकमेकांवर घासले जातात. असू शकते!

पावसाळ्यात ती म्हणाली, चष्म्याचा नंबर पाहायचा आहे, मला सीताबर्डीला ने. मी मोटरसायकलवर मागे बसवून नेलं. दुकानातल्या माणसानं तिला अक्षरं वाचायला लावली, आकडे वाचायला लावले. ती एकेक आकडा परीक्षेत सांगावा तसा सांगत होती. तो म्हणाला, "नंबर तोच आहे, मॅडम. डोळे मस्त आहेत तुमचे."

कुणालाही बरं वाटलं असतं. ताईचा चेहरा पडला. बाहेर कपड्यांच्या हातगाड्यांमधून चालताना ती थांबली.

"डोळे चांगले आहेत. मंग डोक्यातच काही सुरू झालं असन." आणि मग, अगदी सहज, "मावशीचंही असंच झालं होतं ना? आधी आकडे गेले, मंग माणसं."

शेजारी एक माणूस कुर्त्यांचा भाव ओरडत होता. मी म्हणालो, "ताई, आकडा दीडशेच होता."

"काय?"

"तुले बरोबर दिसला होता. टाकी मी फुल नव्हती केली."

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. शाळेत तिनं अशी किती पोरं उभी केली असतील. "अन् शून्य?"

"सवयीनं दाबलं गेलं."

"अन् तू गाडी आणायले गेला तवा आकडा नसन पाहिला तू?"

"पाहिला."

"मंग?"

"टाकी फुल केली. अन् पुन्हा शून्य केलं."

"काहून?"

मी खिशातली मोटरसायकलची किल्ली चाचपली.

"इतके दिवस मी येडी होऊन राहिली होती," ती म्हणाली, "अन् तू पाहून राहिला होता." आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "दादाले सांग. घरी बोलावून, आईसमोर. फोनवर नाही." ती वळली आणि ऑटोच्या दिशेनं चालू लागली. माझ्या मोटरसायकलवर ती त्यानंतर बसलेली नाही.

रविवारी दादा आला. चहात टोस्ट बुडवत ऐकत होता. मेसेज त्याचा होता, हे माझ्या जिभेवर आलं होतं. दहा लिटरचा अर्धा दोष त्याच्या पदरात टाकता आला असता. तो मोह आत्ताही होतो, खोटं कशाला सांगू? पण दुसरा शून्य माझा एकट्याचा होता. तोही सांगितला.

दादा हसला. "अबे, एवढंच? मले वाटलं काय सांगतो. होते गा असं. माणूस आहे, चुकते."

मी वाट पाहत होतो. त्यानं दुसरा टोस्ट उचलला.

"माझ्याजवळची किल्ली माग," मी म्हणालो.

"काहून?"

"ताईजवळची मागितली ना? आईचा जीव गेला असता म्हणाला ना? मंग माझी घे."

"तुझं वेगळं आहे."

"काय वेगळं आहे?"

"तुले गाडी समजते बे."

मी कधी ओरडत नाही. त्या दिवशी ओरडलो. कप आडवा झाला, चहा सतरंजीवर गेला, आणि आई विचारत राहिली, काय सांडलं, काय सांडलं. माझा राग दादावर होता, पण त्याहून जास्त त्या माफीवर होता. तीन महिने मी भीत होतो ते ह्याला? मला काहीच होणार नव्हतं. पहिल्याच दिवशी खरं बोललो असतो तरी तो असाच टोस्ट बुडवत "चुकते" म्हणाला असता. जी शिक्षा माझ्या वाट्याला कधी येणारच नव्हती, तिच्या भीतीनं मी ती ताईला भोगायला लावली.

ताईनं फडकं आणून चहा पुसला. मग दादासमोर हात पुढे केला. "किल्ली."

"घे ना बाई, घे. आमच्यावर राग नको काढू."

"राग काढायले अजून सुरुवात नाही केली मी," ती म्हणाली.

सोमवारी ताईनं जपून ठेवलेलं घुंगरू पुन्हा किल्लीला वाजलं आणि आईनं पायानं चपला शोधल्या. मीही निघालो. ताई म्हणाली, "मागं बस, आईजवळ." रस्त्यात तिनं गाडी पंपावर घेतली. टाकीत किती होतं ते मी सांगू शकलो असतो. तिनं विचारलं नाही. पंपावरचा माणूस पुढून आला आणि तिला ओलांडून थेट माझ्या खिडकीशी वाकला. "झिरो देख लो साहब."

"ओ भाऊ," ताई म्हणाली. "गाडी मी चालवून राहिली. मले दाखव."

तो चपापून पुढे गेला. तिनं उतरून मशीनसमोर उभं राहून पाहिलं. टाकी फुल झाली. आत बसून तिनं अंगठा टेकवला.

"झालं का वं शून्य?" आईनं विचारलं.

"झालं, आई."

मग तिनं वरच्या आरशात पाहिलं. मी तिथे पूर्ण दिसत असणार. ती माझ्याकडे पाहत नव्हती, मागच्या गाड्या जाऊ देत होती. रस्ता मोकळा झाला तशी तिनं गाडी काढली.