हिराबायचं बोलावणं

हिराबाय कुणाचंही कौतुक ऐकलं की तोंडातली मिश्री थुंकायची, स्वतःचं कौतुक असलं तरी. 'उलटं पापलेट' या आमच्या बॅन्डची ती गायिका, आणि बॅन्डबद्दल तिचं मत ठाम होतं. "मास्तर, तुमचा बाजा रडतो का वकतो, तेच मला कलत न्हाय."

मी काशीदजवळच्या शाळेत गणित शिकवायचो आणि उरलेल्या वेळात, कुणी न विचारता, संगीतात क्रांती करायचो. हिराबाय धवलारीण, म्हणजे लग्नविधींची गाणी, धवले, म्हणणारी. कोळीवाड्यातलं लग्न तिच्या गाण्यावाचून लागत नसे. तिचे धवले, माझा कीबोर्ड आणि तालाला डिझेलचं रिकामं पिंप, अशी आम्ही 'ओहोटी' नावाची कॅसेट काढली. विकली तर गेली नाहीच, फुकट वाटलेल्याही परत आल्या.

गावपुढारी बाळाशेठने तेवढ्यात अक्कल पाजळली. लग्नाची गाणी हिने बाजारात मांडली, आता हिच्या तोंडून शुभकार्य नको, असं त्याने ठरवलं. गावाने नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. हिराबायला लग्नाची बोलावणी बंद झाली. ती भांडली नाही, सुकट विकत राहिली. दारावरून वरात गेली की मात्र म्हणायची, "ह्यांचं लगीन लागलं न्हाय. नुस्तं जेवण झालं."

गेल्या वर्षी पुण्याच्या काही दाढीवाल्यांना ती कॅसेट रद्दीत सापडली. त्यांनी ती इंटरनेटवर चढवली आणि आम्ही एकाएकी काळाच्या पुढचे ठरलो. एक जण भेटायला आला, डोळे मिटून म्हणाला, "आजी, तुमच्या आवाजात केवढं बंड आहे."

"येवढा कान हाय, तर तवा कुठं व्हतास?"

"तेव्हा माझा जन्म नव्हता."

"मंग सुटलास."

बाळाशेठला लगेच आमचा अभिमान वाटू लागला. देवळापुढे मांडव घालून त्याने सत्कार केला, तिला शाल पांघरवली आणि माइकवर म्हणाला, "ताई, गावाकडून काय पाहिजे ते माग." मला वाटलं, थुंकते आता. तिने हात जोडले. "शेठ, तुमच्या नातीचं लगीन हाय. धवले गायाला मला बोलवा." तिला काही मागताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"अगं, डीजे ठरलाय. तू जेवायला ये ना," बाळाशेठ हसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक. हिराबायने शाल खुर्चीवर ठेवली आणि घरी गेली.

लग्नाच्या संध्याकाळी मी तिच्याकडेच होतो. लांबून डीजेचा दणका येत होता. मध्येच 'ओहोटी' लागली. हिराबायचा तरुण आवाज, खाली धाडधाड, वर शिट्ट्या. माझं डोकं फिरलं. "थांब, बंद करून येतो," म्हणालो.

"बसा मास्तर. पोरीनं काय केलंय?"

तिने चूळ भरली, डोक्यावरून पदर घेतला, दारात दिवा लावला, तांदूळ मांडले. नवरीचं नाव घेतलं आणि हळदीपासून अंतरपाटापर्यंत सगळे धवले म्हटले, एकही कडवं न गाळता. बाजा नव्हता, ते बरंच झालं.

पावसाळ्यात हिराबाय गेली. नातीच्या लग्नाला अलिबागचा सर्वांत महागडा डीजे होता, असं बाळाशेठ अजून सांगतो. सांगू दे. त्या पोरीचं लग्न कुणी लावलं, ते त्या मांडवातल्या एकालाही ठाऊक नाही.