बिनफोडणीची भाजी

माझी पत्नी सुमन गेल्यानंतर आज पहिल्यांदाच तिची झांबियातली भाजी करायला घेतली. तिथे शिक्षिका असताना ती शिकली होती: भोपळ्याचा कोवळा पाला, कांदा-टोमॅटो आणि शेंगदाण्याचं कूट, मंद आचेवर.

"भाऊजी, मोहरी तरी तडतडवा! हे काय पथ्याचं जेवण?" वहिनी दारातून म्हणाल्या.

"हिला फोडणी नसते, वहिनी."

माझ्या वाटीवर मात्र सुमन मुकाट्याने वेगळी फोडणी ओतायची. इतकी वर्षं शेजारी बसून जेवलो, पण ती काय खात होती ते मला कळलंच नाही. एकत्र जेवणं आणि एकच जेवणं, यांत केवढं अंतर असतं!

कूट तळाला लागू नये म्हणून ढवळत राहिलो. कडेने तेल सुटलं. पहिला घास सपक लागला. मी भाजी पुन्हा वाढून घेतली.